जमिनीखालचा वामन

शाळा सोडून दहा-पंधरा वर्षं झालेले विद्यार्थी ग्रंथालयात येतात तेव्हा त्यांना पुस्तकाचं नाव बहुधा आठवत नाही. लेखकाचं कधी आठवतं, कधी तेही नाही. आठवतो एखादाच प्रसंग आणि तो वाचताना पोटात उठलेला गोळा. "बाई, ते जमिनीत खोल पेटी सापडते ते पुस्तक आहे का हो अजून?" असं कुणी विचारलं की मला नोंदवही उघडावी लागत नाही. मी कपाटातून जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' काढून समोर ठेवते. मुखपृष्ठ बघून माणूस ओळखीचं हसतो आणि तिथंच, उभ्याउभ्याच पानं उलटायला लागतो.

मी शालेय ग्रंथपाल. माझं सगळं काम लोधिवली, चौक, मोहोपाडा या पट्ट्यात झालं. आमच्याकडे रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं येतात, भातशेती करणाऱ्यांची येतात, डोंगरातल्या ठाकरवाड्यांमधली येतात. कोणतं पुस्तक वाचकाच्या मनात किती वर्षं टिकतं आणि काय होऊन टिकतं, हा माझा कायमचा अभ्यासाचा विषय राहिला आहे. आमच्या कपाटातल्या पुस्तकांपुरतं बोलायचं तर त्या टिकण्यात 'वामन'चा हात धरणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

ही कादंबरी १९८६ ची. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शेवट सांगत नाही. जमिनीच्या पोटात एक पेटी सापडते. ती पुरून ठेवणारी संस्कृती आपल्यापेक्षा कितीतरी पुढारलेली होती आणि कधीच नामशेष झाली आहे. पेटीत ज्ञान भरलेलं आहे: प्रगत संगणक कसे बांधायचे, स्वतःच्या बुद्धीनं चालणारे यंत्रमानव कसे घडवायचे. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक संगणकतज्ज्ञ आणि एक पुरातत्त्वज्ञ मिळून ते उलगडत जातात. मिळालेलं ज्ञान भलत्या हातांत पडतं ही एक गोष्ट झाली. तिच्याहून मोठा प्रश्न मागे उभा असतो: एवढं सगळं येत होतं, तर ती माणसं गेली कशानं? त्याचं उत्तर त्यांनी इशाऱ्याच्या रूपानं ठेवलेलं असतं. ज्ञान आधी वाचलं जातं, इशारा मागाहून. वाचणाऱ्या मुलाला पात्रांच्या जरा आधीच संशय येतो, आणि पुस्तकातल्या माणसांना ओरडून सांगता येत नाही याची तगमग त्याला शेवटपर्यंत सोडत नाही.

नारळीकर विज्ञानकथेकडे वळले ते १९७४ मध्ये. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. केंब्रिजमधले नारळीकरांचे मार्गदर्शक फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकथाकार होते. हॉइल यांनी जॉन एलियट यांच्याबरोबर बीबीसीसाठी १९६१ मध्ये 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका लिहिली. तिच्यात अंतराळातून संदेश येतो, त्यात एक संगणक बांधायची कृती असते, माणसं तो बांधतात आणि अडचणीत येतात. गुरु-शिष्यांची मूळ कल्पना जवळची आहे. पण नारळीकरांनी संदेश आकाशातून न आणता जमिनीतून आणला आणि पाठवणाऱ्यांना मेलेलं दाखवलं. माझ्या मते या दोन फेरफारांनीच पुस्तक भयंकर झालं. आकाशातून येणाऱ्या परक्याशी बोलणी करता येतात, लढता येतं. जे आधीच संपलेत त्यांच्याशी काय बोलणार?

शिवाय आमच्या मुलांना खणलेल्या जमिनीची सवय आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला तेव्हा इथले डोंगर फुटताना यांच्या आईबापांनी पाहिले. या मुलांनी पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेचं काम पाहिलं. त्यातला वावर्ल्याचा बोगदा अडीच किलोमीटरहून लांब आहे. पोकलेन, डंपर, सुरुंगाचे आवाज, खिडक्यांची तावदानं थरथरणं हे सगळं त्यांच्या रोजच्या जगण्यातलं. त्यामुळे पेटी सापडण्याचा भाग मी वाचनाच्या तासाला मोठ्यानं वाचून थांबले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बाई, आपल्याकडे खणताना असं काही निघालं तर?"

या प्रश्नाला थातूरमातूर उत्तर देऊ नये असं मला वाटतं. आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, थरावर थर साचलेला. त्यात माणसाची पेटी असण्याची शक्यता नाही, हे मी मुलांना सांगते. पण तिथंच थांबत नाही. २०१८ मध्ये नासाचे हवामानशास्त्रज्ञ गॅव्हिन श्मिट आणि खगोलशास्त्रज्ञ अॅडम फ्रँक यांनी एका शोधनिबंधात हाच प्रश्न गंभीरपणे मांडला. माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधी पृथ्वीवर एखादी औद्योगिक संस्कृती होऊन गेली असती, तर तिचा पत्ता आपल्याला लागला असता का? असं काही घडलं, असा त्यांचा दावा नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की एवढ्या काळात शहरं आणि यंत्रं टिकत नाहीत. शोधायचंच तर गाळाच्या खडकांत शोधावं लागेल, कार्बनच्या बदललेल्या प्रमाणात किंवा कृत्रिम रसायनांच्या खुणांत. हे ऐकल्यावर कारखान्याच्या वसाहतीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आपलं नदीतलं प्लास्टिकच राहणार." तेवढ्यासाठी मला तो तास आयुष्यभर पुरेल.

नावाबद्दलही सांगायला हवं, कारण हा अंक दिवाळीचा आहे. नारळीकरांनी यंत्रमानवाला वामन हे नाव दिलं. पुराणातला वामन लहानखुरा बटू. तीन पावलं जमीन मागतो आणि दात्याचं होतं नव्हतं ते घेतो. शहरातल्या सुशिक्षित वाचकाला ही केवळ एक कथा वाटत असेल. आमच्याकडे पाडव्याला बायका ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतात. शेतकऱ्याच्या पोराला बळी हा आपला राजा वाटतो. त्याला पाताळात घालणारा वामन म्हटल्यावर ते पोर पहिल्या पानापासून सावध असतं. भाताच्या खाचरात वाढलेला एक मुलगा मला म्हणाला होता, "नावावरूनच कळलं, हा मागणार आणि आपण देणार." समीक्षकांनी पानंच्या पानं लिहून यापेक्षा वेगळं काय सांगितलं असतं?

आता आठवणींबद्दल. केंब्रिजचेच मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांचं 'रिमेम्बरिंग' १९३२ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची कथा वाचायला दिली आणि काही काळानं ती आठवून सांगायला लावली. लोकांनी त्यातलं अनोळखी गाळून टाकलं किंवा ओळखीचं करून घेतलं. डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या, सील मारायला निघालेले लोक मासे धरायला गेले, भुतं काहींच्या कथेतून पार नाहीशी झाली. 'वामन'च्या वाचकांशी बोलताना मला हे जागोजागी दिसतं. २०१० नंतर ज्यांनी रजनीकांतचा 'रोबोट' पाहिला, त्यांच्या आठवणीतल्या वामनाला त्यातल्या चिट्टी या यंत्रमानवाचा चेहरा चिकटला आहे. एका माजी विद्यार्थ्यानं मला वामनाच्या तोंडचे संवाद म्हणून जे ऐकवले ते सरळ सिनेमातले होते. पात्रांची नावं सगळ्यांचीच गेलेली असतात.

आणि तरी एक गोष्ट कुणाच्याच आठवणीतून गळत नाही. ती म्हणजे तो इशारा उशिरा वाचला जाणं. रसायनीच्या एका कारखान्यात कंट्रोल रूममध्ये बसणारा आमचा विद्यार्थी सांगतो, की नवीन यंत्रणा आली की तो धोक्याच्या सूचनांचं प्रकरण आधी वाचतो, चालवायची रीत नंतर. आणि ही सवय त्याला शाळेत लागली. परिचारिका झालेली एक विद्यार्थिनी म्हणते, तिला गोष्ट मुळीच आठवत नाही, पण एखादं यंत्र माणसापेक्षा हुशार आहे असं कुणी कौतुकानं सांगितलं की हातावर काटा येतो. बार्टलेटच्या वाचकांनी अनोळखी गोष्ट सोयीची करून घेतली. इथं तपशील गेला आणि अस्वस्थता तेवढी राहिली. चौदाव्या-पंधराव्या वर्षी वाचलेल्या पुस्तकाचं हेच काम आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

ग्रंथालयातली आमची प्रत दोनदा बांधून घेतली आहे. डेट स्लिपवर तारखांचे शिक्के एकमेकांवर चढलेत. इशाऱ्याच्या प्रकरणाशेजारी कुणीतरी पेन्सिलनं बारीक अक्षरात 'आत्ताच थांबा' असं लिहिलंय आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'थांबणार नाहीत'. पुस्तकात लिहिणाऱ्याला मी एरवी रागावते. ही दोन वाक्यं मी खोडरबरानं पुसली नाहीत आणि बांधणी करणाऱ्यालाही पुसू दिली नाहीत.

एकदा मात्र मी हे पुस्तक वाचनाच्या तासातून बाजूला ठेवलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. आमच्या वर्गांत त्या वाडीच्या नात्यागोत्यातली मुलं होती. त्या वर्षी जमिनीच्या पोटातल्या गोष्टी मोठ्यानं वाचायच्या नव्हत्या. कथेतली भीती घेता येते ती पायाखालची जमीन स्थिर असेल तरच. कपाटातून मात्र मी पुस्तक हलवलं नाही. ज्याला हवं त्यानं नेलं.

पालक विचारतात, मुलांना असली भीतीची पुस्तकं देता कशाला? त्यांची काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. आपल्याकडे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे दिला, ज्यूल व्हर्न मराठीत आणला. मोठ्यांसाठी कादंबऱ्यांची कपाटं भरली आहेत. तेरा ते सोळा या वयासाठी फार थोडं आहे, आणि जे आहे त्यातलं पुष्कळसं गोड बोलून उपदेश पाजणारं. या वयाला आपलं भविष्य घरातल्या मोठ्यांपेक्षा स्पष्ट दिसत असतं, आणि त्याबद्दल खरं बोलणारं कुणीतरी त्यांना हवं असतं. नारळीकर त्यांच्याशी खरं बोलले. 'वामन' त्यांनी या वयासाठी म्हणून लिहिली नसेल, पण या वयानं ती आपली मानली. आज दहावीतली मुलं मोबाइलवर एआयला निबंध लिहायला सांगतात. त्यांना वामन माझ्या पिढीपेक्षा जवळचा वाटतो आणि त्यांचे प्रश्नही अधिक नेमके असतात. ही पेटी आपण उघडली का, असं गेल्या वर्षी एकानं विचारलं. वर्गात त्यावर तासभर वाद झाला. मी मध्ये पडले नाही.

मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यानंतर जुने विद्यार्थी मोठ्या संख्येनं हे पुस्तक मागत आले, आणि आमची एकच प्रत पुरली नाही. तुमच्या घरच्या कपाटात 'वामन परत न आला' पडून असेल, तर या दिवाळीत ती जवळच्या शाळेच्या ग्रंथालयाला द्या. आतल्या पानावर आपलं नाव आणि तुम्ही ती कोणत्या वर्षी वाचली ते लिहा. ओळखीच्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती दिलीत तर आणखी बरं. त्याला शेवट सांगू नका, आणि वाचून झाल्यावर 'काय बोध घेतलास' हेही विचारू नका.