थांबण्याची किंमत

लग्नाचा बस्ता बांधावयास बसलेल्या मंडळींकडे ज्यांनीं कधीं लक्ष देऊन पाहिलें असेल, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. शालूचा निर्णय घरून निघतांनाच झालेला असतो. वेळ जातो तो कांठ, पदर आणि जोडीचा खण यांच्या निवडींत. घेणाराची ऐपत, हौस आणि स्वभाव यांचें माप कळतें तेंहि या बारीकसारीक निवडींतच. मोटारीची खरेदी अशीच असते, याचा प्रत्यय आम्हांस २०२२ सालच्या उन्हाळ्यांत जर्मनींतील स्टटगार्ट शहरीं आला. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या दारीं आतां मोटार उभी असते. तेव्हां ही हकीकत त्यांच्यापुढें मांडण्यास हरकत नसावी.

त्या वर्षीं आम्ही उभयतां तीन महिने आमच्या पुतण्याकडे राहावयास गेलों होतों. पुतण्या यंत्रशास्त्राचा पदवीधर. बारा वर्षें तेथें नोकरी करून आणि घराचें कर्ज निम्म्याहून अधिक फेडून त्यानें लहानपणापासून मनांत बाळगलेली एक इच्छा पुरी करण्याचें ठरविलें होतें. स्टटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागांत पोर्शे मोटारींचा कारखाना आहे. त्या कारखान्याची ‘९११ जीटी३’ ही गाडी त्याला हवी होती. नांवाला ती रस्त्यावरची गाडी. पण गोत्र शर्यतीच्या गाड्यांचें. २०२१ सालीं निघालेल्या तिच्या पिढीचें इंजिन पाठीमागें बसविलेलें, सहा सिलिंडरांचें, चार लिटरचें. अश्वशक्ति ५१०, आणि फेरे मिनिटाला ९००० पर्यंत, म्हणजे सेकंदाला दीडशें. गाडीचें वजन सुमारें १४२० किलो आणि कमाल वेग ताशीं ३२० किलोमीटर. संध्याकाळच्या वेळीं लक्ष्मी रस्त्यावरून ज्यांनीं मोटार काढली आहे त्यांना हा आंकडा पुराणांतला वाटेल. परंतु जर्मनीच्या हमरस्त्यांवर कांहीं भागांत वेगाला बंधनच नाहीं. ताशीं १३० किलोमीटर ही तेथें केवळ शिफारस आहे.

गाडी नक्की झाली, आणि मग सुरू झाली ती यादी. रात्रीं जेवणें उरकलीं कीं संगणक टेबलावर येई आणि त्याच्या पडद्यावर एकामागून एक निवडी उभ्या राहत. रंग कोणता, चाकांचा रंग कोणता, आसनांवरील शिवणीचा दोरा कोणत्या रंगाचा, पट्टे कोणत्या रंगाचे. फार काय, गाडीची किल्लीसुद्धां गाडीच्या रंगांत रंगवून मिळते, अर्थात् पैसे मोजून! पुण्याहून आमचे वडील बंधु, म्हणजे पुतण्याचे तीर्थरूप, दूरध्वनीच्या पडद्यावर या सभेस हजर असत. किल्लीच्या रंगाची बाब निघाली तेव्हां दादा एवढेंच म्हणाले, “किल्ली खिशांत ठेवतोस ना? मग ती कोण पाहणार आहे?” ती बाब तेथेंच निकालांत निघाली.

कांहीं निवडी मात्र इतक्या सोप्या नव्हत्या. या गाडीला मागची बैठक नाहीं. पांच वर्षांच्या नातीनें पहिल्याच रात्रीं विचारलें, “बाबा, मी कोठें बसूं?” पुतण्याच्या मनांत शर्यतवाल्यांचीं खोलगट, कार्बन-तंतूंचीं हलकीं आसनें घ्यावयाचीं होतीं. वळणावर माणसाला तीं घट्ट धरून ठेवतात आणि गाडीचें वजनहि उतरवितात. परंतु मुलांची खुर्ची त्यांवर बसवितां येत नाहीं. दोन दिवस तो कांहींच बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानें साधीं आसनें निवडलीं. त्यांबरोबर पाठीमागचा पोलादी पिंजराहि यादींतून गेला. गाडीचें नाक क्षणभर वर उचलणारी योजना मात्र त्यानें घेतली. कारण त्याच्या इमारतीच्या तळघराचा उतार असा आहे कीं, त्या योजनेवांचून गाडीची हनुवटी रोज घासली गेली असती. गिअरच्या बाबतींत कारखाना दोन पर्याय एकाच किमतींत देतो. आपोआप गिअर बदलणारी पेटी घेतली तर गाडी ३.४ सेकंदांत ताशीं १०० किलोमीटरचा वेग गांठते. हातानें गिअर टाकावयाचे तर ३.९ सेकंद लागतात. पुतण्यानें अर्धा सेकंद सोडून हाताचा गिअर पसंत केला. दादांची मुद्रा त्या रात्रीं प्रथम प्रसन्न दिसली.

आणि मग ब्रेकची पाळी आली. येथें घरांत खरा मतभेद झाला.

मोटारीच्या बाबतींत आपण सारे इंजिनाचें कौतुक करतों. ब्रेकची आठवण होते ती ते लागले नाहींत म्हणजे. वास्तविक दोघांच्या कामांची तुलना करून पाहावी. गाडी व चालक मिळून दीड हजार किलोचें ओझें ताशीं २०० किलोमीटर वेगानें चाललें आहे असें समजूं. तें थांबविणें म्हणजे त्या गतींतील सारी शक्ति उष्णतेंत उतरविणें. ती उष्णता एकत्र करतां आली तर सात लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. आणि हें सारें चार-पांच सेकंदांत घडावें लागतें. तोच वेग गांठावयास त्या ५१० अश्वांना दहा सेकंदांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे ब्रेक हा इंजिनाहून बलवान असावा लागतो. शिवाय वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हा हिशेब ज्याच्या पायाला समजला तोच खरा चालक.

दादांना तो १९७२ सालीं समजला. एका स्नेह्याची मोटार घेऊन ते खंडाळ्याहून बोर घाट उतरत होते. त्या काळच्या गाड्यांना चारी चाकांस ड्रमचे ब्रेक असत. झांकलेल्या ड्रममध्यें उष्णता कोंडून राही. अर्ध्या घाटांत जळक्या लायनरचा वास येऊं लागला आणि पाय दाबावा तो मऊ मऊ लागूं लागला. दादांनीं प्रसंगावधान राखून गिअर खालीं आणला, गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन उभी केली, आणि तासभर दगडावर बसून काढला. ज्या गिअरमध्यें घाट चढतों त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हें वाक्य आमच्या घरांतील प्रत्येक मुलानें शिकाऊ परवान्याच्या आधीं ऐकलेलें आहे.

या कोंडलेल्या उष्णतेवरचा उपाय म्हणजे उघडी डिस्क. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज कारागिरानें १९०२ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. पण तिची योग्यता जगाला पटली ती १९५३ सालीं. त्या वर्षीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत जग्वार कंपनीची सी-टाईप गाडी डिस्क ब्रेक लावून उतरली आणि पहिली आली. वळणाच्या अगदीं जवळ जाईपर्यंत तिला वेग राखतां येई. इतरांना आधींपासून पाय दाबावा लागे. शर्यत थांबण्याच्या कलेनें जिंकली गेली म्हणावयास हरकत नाहीं.

पुतण्यापुढील यादींत डिस्कचे दोन प्रकार होते. पहिला बीडाच्या डिस्कचा. पुढच्या डिस्कचा व्यास ४०८ मिलिमीटर, मागचीचा ३८०. म्हणजे घरांतील लहानशा परातीएवढ्या. त्यांत हवा खेळावी म्हणून पोकळ्या आणि भोकें ठेवलेलीं असतात. हा प्रकार गाडीच्या किमतींतच येतो. दुसरा प्रकार सिरॅमिकचा. कार्बनचे तंतु आणि सिलिकॉन कार्बाइड यांपासून केलेल्या या डिस्क पोर्शेनें २००१ सालच्या ‘जीटी२’ गाडीला प्रथम बसविल्या. बीडाच्या मानानें त्यांचें वजन सुमारें निम्मे. चाकापाशीं ओझें कमी म्हणून गाडी अधिक चपळ. त्या गंजत नाहींत, आणि चाकांवर काळी पूड जवळजवळ धरीत नाहींत. परंतु त्यांसाठीं जे पैसे ज्यादा पडतात त्यांत जर्मनींत बऱ्यापैकीं जुनी लहान मोटार येते. आणखी एक खूण अशी कीं, डिस्कला धरणारा कॅलिपर बीडाच्या प्रकारांत तांबडा असतो, सिरॅमिकच्या प्रकारांत पिवळा. चाकाच्या आऱ्यांतून तो पिवळा रंग दिसला कीं जाणणारे जाणतात. रुखवतांतील चांदीचें ताट जसें पाहुण्यांना दिसेल असेंच मांडतात, तशांतलाच हा प्रकार!

पुतण्याचा कल पिवळ्याकडे होता. “काका, इतकें केलें तर एवढ्यासाठीं कां मागें राहावयाचें?” असें तो आम्हांला म्हणाला. दादांचें म्हणणें याच्या उलट नव्हतें, हें विशेष. ते म्हणाले, “ब्रेकच्या बाबतींत काटकसर करूं नकोस. जें सर्वांत महाग असेल तें घे.” बोर घाटांतील तो तास ते अजून विसरले नव्हते.

गांठ सोडविली ती सूनबाईंनीं. त्या शांतपणें म्हणाल्या, “तूं ही गाडी वर्षांतून किती दिवस शर्यतीच्या वाटेवर नेणार आहेस? खरें खरें सांग.” पुतण्यानें बोटें मोजलीं, सहा ते आठ दिवस निघाले. त्याचा ओढा न्यूरबुर्गरिंगकडे. आयफेलच्या डोंगरांतील ही वाट १९२७ सालीं खुली झाली. तिचा उत्तरेकडील फेरा २०.८ किलोमीटरांचा, सत्तरांहून अधिक वळणांचा. ठराविक दिवशीं पैसे भरून कोणालाहि आपली गाडी तेथें नेतां येते.

आणि या सहा-आठ दिवसांतच उत्तर होतें. साध्या रस्त्यावर सिरॅमिकची डिस्क वर्षानुवर्षें टिकते. परंतु शर्यतीच्या वाटेवर ती पुन्हा पुन्हा अतिशय तापली कीं तिच्यांतील कार्बन हळूहळू जळतो आणि डिस्क आंतून हलकी होत जाते. चाक काढतांना धक्का लागून तिची कड उडण्याचें भय निराळेंच. ती बदलावयाची तर खर्च डोळे पांढरे करणारा. बीडाची डिस्कहि झिजते; पण तिची किंमत पेलवते आणि ती झिजलेली दिसते. म्हणूनच कांहीं हौशी मंडळी नव्या गाडीच्या सिरॅमिक डिस्क काढून घरांत जपून ठेवतात आणि शर्यतीपुरत्या बीडाच्या बसवितात. खरे दागिने बँकेच्या तिजोरींत, आणि समारंभाला दुसरे!

मग सूनबाईंनीं आपली यादी पुढें केली. ज्या पैशांत पिवळा रंग यावयाचा, त्यांतून अधिक उष्णता सोसणारे ब्रेकचे पॅड घ्यावे. टायर झिजण्याची वाट न पाहतां बदलावे. आणि ब्रेकचें ऑईल दरवर्षीं बदलावें. हें शेवटचें कलम वाचकांनींहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पावसाळ्यांत मिठाला पाणी सुटतें तसें हें ऑईल हवेंतील ओलावा ओढून घेतें. ‘डॉट ४’ जातीचें ऑईल नवें असतां निदान २३० अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या ऑईलच्या बाबतींत ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तें उकळलें कीं नळ्यांत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय जमिनीला टेकला तरी गाडी थांबत नाहीं. डिस्क कितीहि उंची असो, त्या क्षणीं तिचा उपयोग नाहीं.

यादीचें शेवटचें कलम असें होतें: अनुभवी शिक्षकाला शेजारीं बसवून दोन वेळां शिकवणी, आणि ती झाल्यावांचून न्यूरबुर्गरिंगवर एकटें जावयाचें नाहीं. तें सांगतांना मात्र सूनबाईंचा आवाज जरा कापला. त्या म्हणाल्या, “काका, गाडी थांबेल याची मला खात्री आहे. हा थांबेल कीं नाहीं, एवढेंच मला ठाऊक नाहीं.” टेबलाभोवतीं कोणी कांहीं बोललें नाहीं. पुतण्यानें संगणक पुढें ओढला आणि बीडाच्या डिस्कपुढें खूण केली.

गाडी २०२३ सालच्या वसंतांत आली. दोन्ही शिकवण्या झाल्या. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पुतण्या पहांटे उठून न्यूरबुर्गरिंगवर गेला. पांच फेऱ्यांचे पैसे भरलेले होते. दुसऱ्या फेरींत डोंगराच्या एका अंगाला पाऊस उतरला. दुसऱ्या अंगाला ऊन होतें, आणि त्याच्या ओळखीचे दोघे-तिघे गडी ‘थोडा थांबून पुन्हां जाऊं’ म्हणत होते. तीन फेऱ्या शिल्लक टाकून तो दुपारच्या जेवणाला घरीं परतला. ही बातमी सूनबाईंनीं त्याच संध्याकाळीं आम्हांला दूरध्वनीवर सांगितली, आणि आम्ही ती दादांच्या कानीं घातली. दादांनीं प्रथम विचारलें, “गिअर खालीं आणला होता ना?” आम्ही होय म्हटल्यावर ते आपल्या खोलींत गेले. त्या रात्रीं पुष्कळ दिवसांनीं त्यांनीं जेवणांत भात दुसऱ्यांदां मागून घेतला.