कळीचा प्रश्न

मराठी भाषेत 'कळ' या शब्दाइतका राबवून घेतलेला दुसरा शब्द नसेल. पोटात येते ती कळ. नारदमुनी लावून देतात ती कळ. 'जरा कळ काढा' असं रेशनच्या दुकानात सांगतात तीही कळच. आणि यंत्र चालू करायला जी दाबतात, तिलाही बिचारीला कळच म्हणायचं. अशा ऐंशी-शंभर कळा एका फळीवर मांडल्या की त्याचा कळफलक होतो. तो विकत घ्यायला निघालेल्या माणसाच्या वाट्याला यांतल्या सगळ्याच कळा क्रमाक्रमाने येतात, हे मी स्वानुभवाने सांगतो.

वास्तविक माझी गरज साधी होती. माझ्याजवळ लिहिण्याची यंत्रं तीन. पहिला टेबलावरचा संगणक. तो मुलगा बंगळुरूला जाताना "बाबा, अजून चांगला आहे हो," असं म्हणून ठेवून गेला. (जुन्या वस्तू आईवडिलांकडे ठेवताना मुलं हे वाक्य म्हणतातच.) दुसरा टॅबलेट. तो मुलीने वाढदिवसाला पाठवला. तिसरा फोन, तो हल्ली माणसाला जन्मतःच असतो. पहाटे पाचला उठून दोन-चार पानं लिहायची मला सवय आहे. ती कधी संगणकावर, कधी गॅलरीत बसून टॅबलेटवर आणि लाइट गेले की फोनवर. यांतल्या दोन यंत्रांना कळा नाहीतच. नुसती काच. काचेवर लिहिणं म्हणजे आरशाला गुदगुल्या करणं. आपण करत राहायचं, तो काही हसत नाही.

आणि माझी बोटं पडली टंकलेखनाच्या क्लासातली. १९७४ साली मी मॅट्रिकचं सर्टिफिकेट घेऊन त्या क्लासात शिरलो तेव्हा 'ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे' हा जप मी रामरक्षेपेक्षा जास्त वेळा केला. कळांकडे पाहू नये म्हणून मास्तर हातांवर रुमाल टाकत. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस पास झालो, नोकरी लागली आणि पुढची तेहेतीस वर्षं एका कचेरीत मी सरकारचं म्हणणं सरकारच्याच कागदावर ठोकत होतो. 'ठोकत' हा शब्द मुद्दाम वापरला. टंकयंत्राला अक्षर सांगून भागत नसे. मराठी यंत्रावर तर आधी अर्धं अक्षर, मग काना, असं अक्षर हप्त्याहप्त्याने हाती येई. गोदरेजने १९५५ साली देशी टंकयंत्र काढलं आणि २००९ साली ते बनवणं थांबवलं. यंत्रं थांबली, पण बोटांना तसं परिपत्रक कोणी पाठवलं नाही. ती अजून ठोकतात. काचेवरही.

म्हणून मी भाच्याचा सल्ला घेतला. भाचा संगणकातला आहे. म्हणजे जेवतो आमच्यासारखाच, पण बोलतो वेगळं.

"मामा, तुम्ही मेकॅनिकल घ्या. वायरलेस. मल्टिडिव्हाइस."

हे तीन शब्द त्याने डॉक्टरने दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या सांगाव्यात तसे सांगितले. मग समजावून दिलं. साध्या कळफलकात कळांच्या खाली रबराच्या टोप्या असतात. कळ पार तळाला टेकल्याशिवाय अक्षर उमटत नाही. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळेला स्वतःचा खटका आणि स्वतःची स्प्रिंग. कळ साधारण चार मिलिमीटर खाली जाते. पण दोन मिलिमीटरवरच तिला आपलं म्हणणं समजतं.

"म्हणजे अर्ध्यातच ऐकतं," मी म्हटलं. घरात अशी एखादी तरी वस्तू असावी, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

"आणि प्रत्येक कळेखाली वेगळी स्प्रिंग, मामा!"

"ह्यांच्यात एक बसवली आहे, तेवढी पुरे," आतून आवाज आला. गेल्या पावसाळ्यात माझ्या हृदयाच्या एका नळीत डॉक्टरांनी स्प्रिंग टाकली, तिच्याबद्दल हे होतं. तेव्हापासून आमच्या घरात स्प्रिंग हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही.

नंतर टक्क्यांचा विषय निघाला. कळफलक टक्क्यांवर मिळतात, हे मला नवीनच होतं. शंभर टक्के म्हणजे सगळा सरंजाम, उजव्या अंगाला आकड्यांची वेगळी वस्ती धरून. पंचाहत्तर टक्क्यांत ती वस्ती उठवलेली आणि उरलेलं बिऱ्हाड दाटीवाटीने बसवलेलं. साठ टक्क्यांत बाणाच्या कळाही गेल्या आणि वरची रांगही गेली. आमच्या वेळी साठ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी आणि पंचाहत्तर म्हणजे विशेष प्राविण्य. मला आयुष्यात कधी न मिळालेलं विशेष प्राविण्य निदान पैसे मोजून मिळत असेल तर घ्यावं, म्हणून मी पंचाहत्तरवर बोट ठेवलं. शिवाय तो टेबलावरून गॅलरीत न्यायचा होता. शंभर टक्के उचलून नेणं म्हणजे पाट घेऊन पंगत बदलण्यासारखं.

आता वायरलेस. यातला ब्लूटूथ हा प्रकार दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हारल्ड राजाच्या टोपणनावावरून आला आहे. त्याने म्हणे एकमेकांशी न पटणाऱ्या टोळ्या एकत्र आणल्या. आमच्या तीन यंत्रांचंही आपसांत पटत नाही, तेव्हा राजा योग्य होता. कळफलकावर 'एफएन' नावाची एक कळ असते. ती धरून एक दाबला की संगणक, दोन दाबला की टॅबलेट, तीन दाबला की फोन. एकच सून तीन सासवांना हाक देते म्हणा ना. मात्र कोणाला हाक दिली ते दाबण्यापूर्वी पाहावं. भाच्याने एकदा साहेबांसाठी लिहिलेला रजेचा अर्ज तिसऱ्या नंबरवरून भावी सासूबाईंना गेला. त्यांनी तो मंजूरही केला.

यात आणखी एक मेख आहे. कळफलक पलीकडच्या यंत्राला फक्त 'अमुक कळ दाबली' एवढंच कळवतो. त्या कळेचं अक्षर कोणतं, ते पलीकडचं यंत्र ठरवतं. म्हणजे मराठीचं वळण तिन्ही यंत्रांना निरनिराळं लावावं लागतं. कचेरीत संगणक आले तेव्हा मी इनस्क्रिप्ट शिकलो होतो. हा आराखडा केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवला आणि १९९१ साली तो भारतीय मानकात गेला. त्यात काने, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. साधा 'काका' म्हणायचा तरी दोन्ही हातांना आळीपाळीने संसार करावा लागतो. आपला 'ळ' मात्र 'ल'च्या डोक्यावर बसवला आहे. शिफ्ट दाबून त्याला खाली उतरवावं लागतं. आणि 'ळ'शिवाय कळसुद्धा दाबता येत नाही.

एवढं सगळं ठरलं आणि मग खरा प्रश्न आला. आवाजाचा.

मेकॅनिकल कळा रंगांवरून ओळखतात. चेरी नावाच्या कंपनीच्या एमएक्स खटक्यांनी ही रंगांची रीत पाडली आणि बाकीचे बरेच जण त्याच वाटेने गेले. तांबडी कळ सरळ खाली जाते, ना अडखळ ना आवाज. तपकिरी कळ मध्ये किंचित अडखळते, म्हणजे बोटाला कळतं. निळी अडखळते आणि वर 'टक्' असं बोलूनही दाखवते. तांबडीला साधारण पंचेचाळीस ग्रॅमचा जोर पुरतो, निळीला थोडा जास्त लागतो.

"पहाटे पाचला लिहिणार तुम्ही," भाचा म्हणाला. "मामी झोपलेल्या असणार. सायलेंट तांबडी घ्या. शेजारच्या खोलीत ऐकूही जाणार नाही."

मलाही ते पटलं. इतक्यात ही पदराला हात पुसत बाहेर आली.

"बिनआवाजाचा मुळीच घ्यायचा नाही."

"अगं, तुझ्याच झोपेसाठी म्हणतोय तो."

"माझ्या झोपेचं तुम्हाला काय माहीत?" ती खुर्चीवर बसली. आमच्याकडे ही खुर्चीवर बसली की विषय गंभीर असतो. "मुलं लहान होती तेव्हा तुम्ही पहाटे उठून लोकांचे प्रबंध टाइप करायचात. दहा बाय बाराच्या खोलीत. तेव्हा मला कशी ढाराढूर झोप लागायची! खटखट चालू आहे म्हणजे हे आहेत, एवढं झोपेतही कळायचं. आता तुम्ही त्या काचेवर बोटं फिरवता. तिकडून चूं नाही की चां नाही. ते ऑपरेशन झाल्यापासून पाच वाजले की माझे डोळे टक्क उघडतात. उठते, दारात येऊन उभी राहते, खांदा हलतोय का बघते आणि परत जाऊन पडते. रोज."

भाचा फोनमध्ये काहीतरी शोधू लागला. मी पंख्याकडे पाहिलं. पहाटे दाराशी सावली दिसते ती पाणी प्यायला उठलेल्या बायकोची, अशी माझी सात-आठ महिन्यांची समजूत होती, आणि तिने ती मोडली नव्हती.

मग आम्ही तिघं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला. पण तिथे जाणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. दुकानातल्या मुलाने एक नमुन्याची पाटी समोर ठेवली. तिच्यावर नऊ कळा, नऊ तऱ्हेच्या. "अंकल, दबाके देखो." मी दाबून पाहिल्या. ही मात्र मागे सरकत सरकत दुकानाच्या दाराशी जाऊन उभी राहिली, पाठ फिरवून. आमच्या स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंतचं अंतर तिने तेवढंच धरलं होतं.

"हं, वाजवा," ती म्हणाली.

मडकं वाजवून घ्यावं, नारळ वाजवून घ्यावा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. पण रस्त्यावर टेम्पोचे हॉर्न चालू असताना बायकोला पाठमोरी उभी करून कळफलक वाजवणारा मी पहिलाच असेन. तांबडी वाजवली. "वाजवताय का?" निळी वाजवली. "ही जास्त झाली. वाटाणे सोलल्यासारखी. शेजारचे येतील भांडायला." तपकिरी वाजवली. ती जरा थांबली. मान कलती करून ऐकलं. "ही चालेल. जरा जोरात मारत जा."

"आँटीजी, लाइटवाला भी है, सात कलर," मुलगा म्हणाला.

दिवे आम्ही नाकारले. ते चालू ठेवले की बॅटरी लवकर संपते. आणि रुमालाखाली शिकलेल्या बोटांना रोषणाई कशाला? कळांवर मराठी अक्षरं नव्हती, त्यासाठी चिकटपट्ट्या मिळतील असं तो म्हणाला. त्याही नाकारल्या. साडेपाच हजार मोजताना हिने 'एवढ्यात शिलाईचं मशीन आलं असतं,' असं म्हणून घेतलं. ते म्हटल्याशिवाय आमच्या घरात कोणतीही खरेदी कायदेशीर होत नाही.

आता कळफलक घरी रुळला आहे. बॅटरी वाचवण्यासाठी तो अधूनमधून झोपतो. मग पहिली कळ त्याला उठवण्यात जाते आणि दुसरीपासून तो कामाला लागतो. तेहेतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. संगणक, टॅबलेट, फोन, तिघांनाही तो निमूट सेवा देतो. पण त्याचं चौथं जोडलेलं यंत्र आतल्या खोलीत झोपलेलं असतं, आणि त्याला एक-दोन-तीन असला कोणताच आकडा लागत नाही.

अडचण एकच आहे. लिहिताना माणूस मध्येच थांबतो. शब्द सापडत नाही, वाक्य वळत नाही, कधी नुसतंच गॅलरीबाहेर पाहावंसं वाटतं. असं मिनिटभर झालं की आतून झोपाळलेला आवाज येतो, "अहो?" त्याला तोंडाने उत्तर दिलं की ती पुरती जागी होते. म्हणून मी मोकळ्या जागेची ती लांब कळ तीन-चारदा उगाच दाबतो. टक्, टक्, टक्. आत कूस बदलल्याचा आवाज येतो आणि पुन्हा घोरणं सुरू होतं.

तेव्हा संपादकांना एक विनंती आहे. या लेखात कुठे दोन शब्दांमध्ये जागा जास्त सुटलेली आढळली तर ती मुद्रणदोष समजून काढून टाकायला हरकत नाही. तिचं काम झालेलं आहे.