रोधकाची सहनशक्ती

बैलजोडी कितीही उमदी असली, तरी गाडीत पोती किती भरावयाची हे शहाणा शेतकरी आधीच ठरवितो. रोधक, ज्यास कारागीर रेझिस्टर म्हणतात, त्या इवल्याशा वस्तूलाही हाच न्याय लागू पडतो. त्याच्या अंगावरील रंगीत पट्टे प्रवाहाला होणारा विरोध ओहममध्ये सांगतात. तो उष्णता किती सोसेल, हे मात्र वॅटमध्ये मोजावे लागते.

आमच्या शहापूरच्या घरी आजोबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. १९५० साली सुरू झालेले आकाशवाणीचे धारवाड केंद्र आणि १९६३ सालचे सांगली केंद्र, दोन्ही त्यांनी याच पेटीवर ऐकली. कानडी भजन व मराठी नाट्यपद आमच्या घरी सारख्याच मानाने येई. दृष्टी अधू झाल्यापासून तर ही पेटीच त्यांची सोबतीण झाली होती. गेल्या वर्षी तिचा आवाज क्षीण व चिरका झाला. नवा संच आणू म्हटले, तर आजोबांनी मान हलविली.

अशा पेटीत प्राणघातक दाबाची वीज असते. म्हणून शास्त्राच्या शिक्षकांच्या देखरेखीखालीच आम्हा दोघा भावंडांनी ती उघडली. अखेरच्या ईएल ८४ व्हॉल्व्हच्या कॅथोडवरील १३५ ओहमचा रोधक काळवंडला होता. पूर्वी कोणा कारागिराने तेथे पाव वॅटचा रोधक बसविला होता.

आम्ही वही काढली. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली दाखविले. तेथील प्रवाह सुमारे ०.०५४ अँपियर, त्याचा वर्ग करून १३५ ने गुणले असता ०.३९ वॅट येतात. पाव वॅटचा जीव तो किती? अर्धा वॅट कागदावर पुरला असता. परंतु छापील क्षमता बहुधा भोवतालच्या ७० अंश सेल्सिअसपर्यंतच खरी असते, आणि बंद पेटीत तापलेल्या व्हॉल्व्हशेजारी ती घटते. म्हणून हिशेबाच्या दुपटीहून अधिक, एक वॅटचा रोधक आम्ही निवडला. उलट, एक लाख ओहमच्या रोधकावर १०० व्होल्ट पडत होते; तेथे ०.१ वॅटच उष्णता होते व पाव वॅट खुशाल चालतो.

रोधक बदलला आणि आवाज खणखणीत झाला. आजोबा काही बोलले नाहीत. खुर्ची मात्र त्यांनी पेटीजवळ ओढून घेतली.

भार टाकण्यापूर्वी तो मोजावा आणि सोसणाऱ्याला थोडी उसंत ठेवावी, एवढेच आम्ही शिकलो.