भंडारदऱ्याच्या काठाने

सोनपेठच्या सपाट काळ्या रानात रोज सायकलने शाळेत जाणारे आम्ही दोघे शिक्षक. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीचे सुमारे ४० किलोमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटले होते. शेंडीहून निघालो. डावीकडे पाणी, उजवीकडे १६४६ मीटर उंच कळसूबाईची रांग. मुरशेत, पांजरे सहज मागे पडले. घाटघरच्या चढाने मात्र गुडघे टेकायला लावले. उतरून सायकली ढकलल्या. मुलांना ‘हिंमत सोडू नका’ सांगणारे आम्ही एकमेकांकडे पाहायचे टाळत होतो.

बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. डोक्यावर हंडा घेऊन चढणाऱ्या एका मावशींनी न मागता पाणी दिले. धरण १९२६ साली पूर्ण झाले. तेवढा मोठा जलाशय समोर, अन् हंडा अजून डोक्यावरच! हीच प्रवरा पुढे टोक्याला गोदावरीला मिळते आणि ती गोदावरी आमच्या तालुक्याच्या कडेने वाहते. म्हणजे मावशींचे आमच्यावरचे ऋण जुनेच होते.

साम्रदमार्गे रतनवाडीला पोहोचलो. काठावर जोहरची नमाज अदा केली. समोर अथांग पाणी होते. पण वजूसाठी एका तांब्याहून जास्त घेववले नाही.