फुंकर

आमच्या दादांची फियाट अडून बसली, की ते शांतपणे बॉनेट उघडत, कार्बोरेटरमधले जेट काढत, त्याला तोंडाने फुंकर घालत आणि पुन्हा जागच्या जागी बसवत. गाडी बहुधा सुरू होई. फ्रीगंजातील घरासमोर हा विधी पाहतच मी मोठा झालो. यंत्र म्हणजे माणसाच्या फुंकरीला दाद देणारी वस्तू, ही माझी समजूत तेव्हाची. आणि ती सेवानिवृत्तीनंतरही टिकून होती.

माझी मारुती ८०० सन २००९ ची. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी प्रथम रस्त्यावर आली ती कार्बोरेटर घेऊन. पुढे २००० च्या सुमारास प्रदूषणाची मानके कडक झाली, तेव्हा तिच्यात इंजेक्शनची पद्धत आली. म्हणजे माझ्या गाडीने कार्बोरेटर जन्मात पाहिला नव्हता. २०२२ च्या पावसाळ्यात ती वाटेतच बंद पडू लागली. एकदा तर टॉवर चौकात, ऐन संध्याकाळच्या गर्दीत. एका गॅरेजमध्ये निदान झाले, “कंप्यूटर गया, साहब.” नवा मिळणे दुरापास्त आणि महाग. उपायही तयारच होता : “कार्बोरेटर लगा देते हैं, फिर कोई झंझट नहीं.”

मला दादांची फुंकर आठवली आणि मी होकार दिला.

भंगारात निघालेल्या एका जुन्या ८०० चा कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्यूटर आणि पेट्रोलपंप आला. दोन्ही इंजिने ७९६ सी.सी.ची, एकाच घराण्यातली. त्यामुळे सोयरीक जमली. टाकीतला विजेचा पंप काढावा लागला, कारण तो ज्या जोराने पेट्रोल पुढे ढकलतो तो जोर कार्बोरेटरच्या वाटीला सोसत नाही. काढलेले भाग मी एका पोत्यात भरून घरी आणले. जुना अभिलेख नष्ट करू नये, ही नोकरीतली सवय!

पहिले काही आठवडे मी तरुण झालो होतो. कार्बोरेटरचे तत्त्व किती साधे! अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि वाटीतले पेट्रोल आपसूक वर ओढले जाते. सारे डोळ्यांना दिसते, हाताला लागते. पण थंडी पडली आणि सकाळी चोक ओढून दहा-दहा मिनिटे खटाटोप सुरू झाला. घराच्या पडवीत पेट्रोलचा वास दरवळू लागला. जिथे लिटरला अठरा किलोमीटर मिळत, तिथे तेरा मिळू लागले. आणि प्रदूषण तपासणीत गाडी नापास झाली.

गॅरेजवाल्याला हे सांगितले, तेव्हा तो सहज म्हणाला, “कागज बन जाएगा, साहब.”

हे वाक्य मला नवे नव्हते. छत्तीस वर्षांच्या शासकीय सेवेत, टेबलाच्या पलीकडून, कितीतरी तोंडांतून मी ते ऐकले होते आणि प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हटले होते. आज टेबलाची बाजू बदलली होती. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडकाठी करते; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी ते सोयीने विसरलो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी वाचू लागलो. एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या अगदी जवळ राहिले तरच धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपले काम करतो. ते प्रमाण क्षणोक्षणी राखण्यासाठी नळीत प्राणवायू मोजणारा संवेदक आणि त्याचे ऐकणारा संगणक असतो. कार्बोरेटरला हे ऐकूच येत नाही. म्हणजे मी गाडीचा नुसता एक भाग बदलला नव्हता. तिचे कान काढून घेतले होते.

पोते घेऊन मी देवास रोडवरच्या एका वयस्क इलेक्ट्रिशियनकडे गेलो. दोन दिवस खपून त्यांनी सारे मूळ भाग जिथल्या तिथे बसवले, स्कॅनर जोडला आणि एकेक तार हलवून पाहिली. इंजिनला टेकलेली अर्थिंगची एक तार गंजली होती. ती घासून पक्की केली आणि गाडी चालू झाली. संगणक ठणठणीत होता! काम अर्ध्या तासाचे होते. मीच ते पाच महिन्यांचे केले.

आपल्या घराण्यांना शिंद्यांबरोबर माळव्यात येऊन अडीचशे वर्षे होत आली. पुण्याचे नातलग आपल्या मराठीला हसतात, तेव्हा वाटते, मागे जाऊन मूळची भाषा पुन्हा बसवून घ्यावी. पण ती आता आपल्याला बसणार नाही. इथल्या पाण्यावर जे घडले, तेच नीट राखायचे.

२०२४ मध्ये गाडीची पंधरा वर्षे भरली. फिटनेसची तपासणी झाली. कागद मिळाला, आणि तो बनवावा लागला नाही. दादांच्या फियाटचे एक जुने जेट अजून माझ्या कपाटात आहे. अधूनमधून काढतो आणि सवयीने फुंकर घालतो. फुंकरीवर माझा राग नाही. फक्त ती कुठे घालावी, हे आधी विचारायला हवे होते.