चार साधी कार्डं

माझी भाची खोपोलीला राहते, मी कर्जतला. मधे पळसदरी, केळवली, डोळवली आणि लौजी एवढीच स्टेशनं. जुलैतल्या एका शनिवारी ती बाबांबरोबर आली ती पोकेमॉन कार्डांचा डबा छातीशी धरूनच. छत्री बाबांकडे, डबा तिच्याकडे. आल्या आल्या म्हणाली, "मामा, माझा डेक हरतोच. मला अजून एक चारिझार्ड पाहिजे."

खाऊचे साठवलेले 500 रुपये तिने रुमालात बांधून आणले होते.

तो तयार डेक मीच तिला वाढदिवसाला दिला होता आणि खेळही तिच्याकडूनच शिकलो होतो. डेक 60 कार्डांचा. सुरुवातीला सात हातात घ्यायची, सहा प्राइझ म्हणून बाजूला पालथी ठेवायची. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की आपलं एक प्राइझ उचलायचं. तिचा चारिझार्ड 'ईएक्स' आहे, तो पडला तर समोरचा दोन उचलतो. असं कार्ड वाढवलं की ताकद वाढते तशी जोखीमही वाढते, हे मला तिच्या गळी उतरवायचं होतं. पण नुसतं सांगून ती ऐकणार नाही, हेही माहीत होतं.

म्हणून जमिनीवर सतरंजी टाकून आम्ही तीन डाव खेळलो. तिन्ही डावांत तिचा चारिझार्ड एकदाही उतरला नाही. त्याचं सुरुवातीचं रूप चारमँडर बिचारा बेंचवर बसून, आणि हिच्या हातात हल्ल्याला लागणारी एनर्जीच एनर्जी. पोकेमॉन शोधून आणणारी नेस्ट बॉल आणि अल्ट्रा बॉल, चारमँडरवरून थेट चारिझार्डवर नेणारी रेअर कँडी, ही कार्डं डेकमध्ये एकेकच होती. सगळी कुठेतरी तळाशी. एनर्जी मात्र अठरा.

मी वहीत गणित मांडलं. 60 पैकी एकच कार्ड असेल तर ते पहिल्या सात पानांत येण्याची शक्यता साधारण 12 टक्के. तेच चार असतील, आणि साधी एनर्जी सोडली तर एका नावाची चारच ठेवता येतात, तर 40 टक्के. तिने वही ओढून घेतली, भागाकार पुन्हा केला आणि गप्प बसली. सातवीतल्या मुलीला गणित असं पटताना पाहणं मला फार आवडलं.

मग डब्यातली बाकीची कार्डं पाहिली. त्यात सोनेरी कार्डांचा गठ्ठा होता. बाजारातल्या एका टपरीवरून मीच हौसेने आणलेला. प्लास्टिकची, नकली. अस्सल कार्ड कागदाच्या थरांचं असतं आणि मधे एक काळसर थर असतो, कडेने नीट पाहिलं तर रेघ दिसते. सोनेरी कार्डाला ती रेघच नव्हती. शाळेतली मुलं तिला हसली होती आणि तिने मला ते सांगितलं नव्हतं, मामाला वाईट वाटेल म्हणून. वाईट वाटलंच.

खरी चमकीची कार्डंही आमच्या पावसाने सोडली नव्हती. कागद दमट हवेत फुगतो, वरचा चकचकीत पापुद्रा फुगत नाही, मग कार्ड पन्हळीसारखं वाकतं. वाकलेलं कार्ड गठ्ठ्यात पाठीवरूनही ओळखू येतं, आणि स्पर्धेत ते चालत नाही. साधी कार्डं त्यामानाने सपाट राहिली होती. आणि खेळताना साध्या अल्ट्रा बॉलवरचा मजकूर तोच, जो चमकीच्या अल्ट्रा बॉलवर असतो. किंमत वाढते ती जमवणाऱ्यांमुळे.

बूस्टर पाकीट घ्यायचं नाही, असं ठरलं. पाकिटात काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. आपल्याला हवी ती सुटी कार्डं, 'सिंगल्स'. तिच्याकडे न खेळणारं एक चमकीचं कार्ड होतं. वर्गातला एक मुलगा अशी कार्डं जमवतो, त्याच्याकडून तिने त्या बदल्यात तीन अल्ट्रा बॉल मिळवले. त्या सौद्याचं श्रेय पूर्ण तिचं.

पुढच्या रविवारी आम्ही लोकलने मुंबई गाठली. एका दुकानात साध्या कार्डांचे खोके होते. ती स्टुलावर बसून तासभर एकेक कार्ड उलटत राहिली. तीन नेस्ट बॉल, तीन रेअर कँडी आणि एक चारमँडर निघाला. 210 रुपये झाले. उरलेल्यात कार्डांवर चढवायच्या स्लीव्ह घेतल्या, आमच्याकडच्या हवेत त्या हव्यातच. तरी थोडे पैसे राहिले, ते तिने पुन्हा रुमालात बांधले.

परतताना कर्जत स्टेशनवर दिवाडकरांचा वडा खाल्ला, हात धुतले, आणि खोपोली गाडीच्या बाकावर तिने दहा एनर्जी काढून नवी दहा कार्डं घातली. पळसदरीपर्यंत एकेक स्लीव्ह चढवणं चालू होतं. केळवली गेल्यावर तिने गठ्ठा पिसला, सात पानं उचलली आणि माझ्यापुढे पंख्यासारखी धरली. चारमँडर, नेस्ट बॉल, रेअर कँडी, दोन एनर्जी, अल्ट्रा बॉल. सातवं पान चारिझार्ड.

"मामा, परत पिसू?" तिने विचारलं, आणि लौजी येईपर्यंत पिसतच राहिली.