बँजोशेजारचा बॅरिटोन

बँजोची तार छेडली की सूर वाजतो आणि लगेच विरतो. सतारीसारखी आस तिथे नसते. अशा वाद्याशेजारी गाणाऱ्याला लपायला कुठेच आडोसा मिळत नाही. म्हणूनच ब्रिटिश बॅरिटोन बेंजामिन लक्सन यांची लोकगीतं मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा चकित झालो होतो. साथीला अमेरिकन बँजोवादक बिल क्रोफट. हाच गळा ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवातल्या १९७७च्या, मोत्झार्टच्या ‘डॉन जोवानी’मध्ये अख्ख्या ऑर्केस्ट्रावर स्वार झालेला मी ऐकला होता. इथे तो एखाद्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसलेल्या माणसासारखा गात होता. आणि तरीही आवाज कुठे लहान झाला नव्हता.

मीही बॅरिटोन आहे. टेनरच्या खाली, बासच्या वर, पुरुषाच्या बोलण्याच्या आवाजाला सगळ्यात जवळचा हा पल्ला. वसईतल्या आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये गाणं सुरू झालं, मग मुंबईत टीचरकडे रीतसर शिकलो. त्या शिकण्याच्या ऐन भरात, एका डिसेंबरात, चर्चसाठी कॅरोल्सचं, म्हणजे नाताळगीतांचं, रेकॉर्डिंग करायचं ठरलं. ‘ससेक्स कॅरोल’ माझ्या वाट्याला आलं. तेव्हा रोजचा रियाज मोत्झार्टचा. मी त्याच तयारीने उभा राहिलो आणि गायलो. प्लेबॅक ऐकला, तर आवाज दणदणीत, पण शब्द एकही कळत नव्हता. सगळे ‘आ’ मी ‘ऑ’ करून टाकले होते.

यात माझ्या शिक्षणाची चूक नव्हती. ऑपेरात माइक नसतो. ऑर्केस्ट्राच्या आवाजाचा सगळ्यात जास्त जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, वर जाल तसा तो ओसरतो. कमावलेला पुरुषी गळा ३००० हर्ट्झच्या आसपास आपली धार जमवतो. स्वीडनचे आवाजाचे अभ्यासक योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात हे मोजून, समजावून दाखवलं. जिथे वाद्यं विरळ होतात नेमक्या तिथून गायक निसटून पुढे येतो. शिवाय बॅरिटोनचा आवाज वरच्या पट्टीत शिरताना एक सांधा लागतो. तिथे ‘आ’ उघडा ठेवला तर तो फाटतो, म्हणून स्वर गोल करायचा, झाकायचा. हजार-दीड हजार माणसांच्या थिएटरात हे सगळं लागतं. वीतभर अंतरावरच्या माइकसमोर तीच धार कानात घुसते, आणि झाकलेला स्वर शब्द गिळून टाकतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. सगळं सोडून दिलं. श्वास सैल, आवाज हवेने भरलेला, कानात कुजबुजल्यासारखा. ते तर आणखी वाईट निघालं. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर उतरत होता. नाताळच्या नावावर मोठमोठ्या गळ्यांचे जे अल्बम निघतात त्यांतल्या बऱ्याच अल्बममध्ये मला याच दोन चुका ऐकू येतात. एक तर साध्या चालीवर व्हायोलिनांचा डोंगर रचून वर उभं राहायचं, नाहीतर साधेपणाचं सोंग घ्यायचं.

लक्सन यांच्याकडे परत गेलो ते यातून वाट काढायला. हेडफोन लावून एकेक ओळ पुन्हा पुन्हा ऐकली. त्यांचा श्वास तोच आहे, ऑपेरातला, खालून भक्कम धरलेला. बदललंय ते तोंडात. स्वर बोलण्यातलाच राहतो. आणि व्यंजनं! ‘म’, ‘न’, ‘ल’ यांच्यावर ते क्षणभर रेंगाळतात, सूर तिथूनच सुरू करतात. ओळ शब्दाच्या वजनाने चालते. मला आठवली ती लग्नघरात आमच्या कादोडी बोलीत गाणी म्हणणारी आजी. तिचा श्वास कुठेही तुटायचा, अर्थ मात्र कधी तुटला नाही.

लक्सन १९३७ साली कॉर्नवॉलमधल्या रेडरुथला जन्मले. कथिल आणि तांब्याच्या खाणींचा तो मुलूख. शेजारच्या इलोगनमध्ये टॉमस मेरिट नावाचा खाणकामगार होऊन गेला. त्याने कॅरोल्सच्या चाली रचल्या. खाणी बंद पडू लागल्या तेव्हा देशोधडीला लागलेले कॉर्निश कामगार आपली कॅरोल्स बरोबर घेऊन पार कॅलिफोर्नियाच्या ग्रास व्हॅलीपर्यंत गेले. त्या मातीतल्या गायकासाठी कॅरोल म्हणजे मैफलीच्या शेवटी गायची हलकीफुलकी चीज नव्हे.

बॅरिटोनच्या वाट्याला आलेलं कॅरोलचं सगळ्यात सुंदर काम मात्र इंग्रज संगीतकार रॅल्फ व्हॉन विल्यम्स यांचं, असं माझं ठाम मत आहे. १९१२ची ‘फँटेशिया ऑन ख्रिसमस कॅरोल्स’. आधी चेलो एकटाच येतो. मग बॅरिटोन एकटा. पुढे कॉयर त्याच्याखाली शब्दांशिवाय गुंजत राहतो. ती पहिली चाल १९०९च्या उन्हाळ्यात हेरफर्डशायरमधल्या किंग्ज पायन या खेड्यात जेंकिन्स नावाच्या गायकाकडून टिपून घेतलेली. ससेक्स कॅरोलची चालही अशीच, हॅरिएट व्हेरल या बाईंच्या तोंडून १९०४ साली उतरवलेली. हे कळल्यापासून ती मला गाताना उधार घेतल्यासारखी वाटते. जपून वापरून परत द्यायची आहे.

आणि बँजोशेजारचा हा साधेपणा ऑपेराही मागतोच की. ‘डॉन जोवानी’च्या दुसऱ्या अंकात नायक खिडकीखाली उभा राहून गातो, तेव्हा मोत्झार्ट त्याच्या हाती मँडोलिन देतो. तिथेही छेडलेली तार, तिथेही आडोसा नाही. अर्ध्या आवाजात गायचं आणि श्वास पुरा लावायचा. मला तर तो अंकातला सगळ्यात अवघड तुकडा वाटतो. लक्सन यांचा जोवानी ऐकताना मला बँजोचा शोध लागला तो इथे. दोन्हीकडे एकच माणूस, एकच कसब.

१९९०च्या सुमारास त्यांचं ऐकणंच ढासळलं आणि गाणं सुटलं. पुढे कानात इम्प्लांट बसवून घेतलं आणि ते निवेदन करू लागले, कविता म्हणू लागले. २०२४मध्ये ते गेले.

यंदा ‘फँटेशिया’चा सोलो मी करतोय. गेले आठ दिवस पहिलं कडवं नुसतं बोलतो, सकाळी, चहाआधी, चढ-उतार न करता. काल पहिल्यांदा शेवटच्या ओळीतला ‘न’ आपोआप लांबला. पियानोपाशी जाऊन पाहिलं, तर तो बरोबर सुरात होता.